उद्या काय घालणार?

“आणि ही फोनवर आठवण करून द्यायची कल्पना सुचली तरी कुणाला?” कमिशनर बिग्ज यांनी भर सभेत विचारलं, आणि जोस्लिननं लाजून मान खाली घातली.

मला सुचली, असं ती म्हणाली नाही. नाही, असंही म्हणाली नाही. टाळ्या वाजल्या. मी शेवटच्या रांगेत मांडीवर केकचं ताट घेऊन बसले होते आणि अंगाचा नुसता तिळपापड होत होता. केक मलाच आणायला सांगितला होता. सत्तावीस वर्षं काउंटीच्या तुरुंगात खिडकीमागे बसून आल्या-गेल्याच्या नोंदी केल्या, पण सभेच्या दिवशी माझी आठवण व्हायची ती केकपुरती.

“मिस व्हर्डेल, केक एकदम झकास!” जाता जाता बिग्ज म्हणाले. तोंडात घास तसाच. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात.

“त्यातले पिकनचे दाणे आमच्याच झाडाचे,” मी म्हणाले. दुसरं काय बोलणार, कपाळ माझं!

आमच्या तुरुंगात खाटा बहात्तर आणि माणसं एकशे अठरा. उरलेली जमिनीवर गाद्या टाकून झोपायची. निम्म्याहून जास्त लोकांवर काही शाबीतच झालेलं नव्हतं. कुणाला जामीन परवडत नाही म्हणून आत, कुणी कोर्टाची तारीख चुकवली म्हणून पकड वॉरंटावर उचलून आणलेला. काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या कमिशनर लोकांपुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे कोर्टामागच्या शेंगांच्या शेतात दोनशे खाटांचा नवा तुरुंग बांधायचा. दुसरी म्हणजे उत्तरेकडची एक श्रीमंत संस्था अनुदान देत होती त्यासाठी अर्ज करायचा. ज्यांना आत ठेवायची गरजच नाही त्यांना बाहेर कसं ठेवता येईल हे जी काउंटी करून दाखवेल, तिला पैसे. अर्ज लिहायला म्हणून अटलांटाहून जोस्लिन क्रेनला आणलं. वय एकोणतीस, पदव्या दोन, बूट टोकदार.

त्या जागेसाठी मीही अर्ज केला होता. कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पदवीचा रकाना रिकामा होता म्हणून तीन दिवसांत परत आला.

तर जोस्लिननं एक यंत्र बसवलं. खालच्या कोर्टात ज्याची तारीख असेल त्याच्या मोबाइलवर आदल्या दिवशी आपोआप मेसेज जायचा. तिथं सगळी किरकोळ प्रकरणं, गाडीच्या लायसनची, शेजाऱ्याशी भांडल्याची. दोन महिन्यांनी तिनं आकडे मांडले. वरच्या कोर्टात, जिथं मेसेज जात नाहीत, दहांतले चारजण तारखेला येत नाहीत. खालच्या कोर्टात दहांतला फक्त एक. जुने आकडे कुणी कधी मोजलेच नव्हते, त्यामुळे आधी काय होतं ते विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून त्या टाळ्या.

आधी काय होतं ते मला विचारायचं होतं ना! एकोणीस वर्षं मी रोज संध्याकाळी सहा वाजता, स्वयंपाकघरातल्या फोनवरून, दुसऱ्या दिवशी खालच्या कोर्टात तारीख असलेल्यांना फोन करत आले होते. आठवड्याला तीसेक माणसं, एकेकासाठी तीन-चार फोन. अख्ख्या काउंटीला एकटी बाई कुठवर पुरणार? म्हणून खालचंच कोर्ट. ज्याचा फोन बंद त्याच्या बहिणीला, बहीण नसेल तर पाद्र्याला. जोस्लिनचं यंत्र आलं तरी माझे फोन चालूच होते. आकडे माझे आणि टाळ्या तिला!

त्या फोनची एक खुबी होती. एकदा एक पोरगा तारीख चुकवून आत आला. मी म्हटलं, का रे नाही गेलास? तर म्हणाला, “मिस व्हर्डेल, अंगावर कोंबड्यांच्या कारखान्याचे कपडे. वास येतो. जज्जसमोर कसा उभा राहू?” माणूस तारीख विसरत नाही, सकाळी उठून आरशासमोर हिंमत हरतो. त्या दिवसापासून मी तारखेचं सांगून झालं की विचारायला लागले, “उद्या काय घालणार?” माणूस शर्ट शोधायला जातो, इस्त्री मागतो, बायकोला कळतं, आईला कळतं. शर्ट ठरला की माणूस येतो. माझ्या वह्यांत प्रत्येक नावापुढे शर्ट लिहिलेला असायचा. हे मी जोस्लिनला सांगितलं नव्हतं. का सांगू?

त्या दिवशी सभेवरून घरी आले आणि ताट आदळलं. माझा नवरा कर्टिस टेबलाशी अक्रोडासारखे पिकन फोडत होता.

“काय गं, केक उरला नाही?”

“नाही. त्या अटलांटावालीनं दोन तुकडे खाल्ले.”

“मग बरंच आहे की.”

“काय बरंय? माझ्या कष्टांवर टाळ्या घेते आणि वर माझाच केक खाते!”

कर्टिसनं चष्म्यावरून बघितलं. “मी घरात सवत आणली असती तरी तू एवढी जळली नसतीस.”

“सवत परवडली. तिला निदान तुझं घोरणं ऐकावं लागलं असतं.”

तो हसला. मला हसू येईना. सहा वाजले तसा त्यानं सवयीनं टीव्हीचा आवाज कमी केला, मला फोन करता यावेत म्हणून. मी वही उघडली आणि मिटली.

“आज नाही?” त्यानं विचारलं.

“यंत्र आहे ना! करू दे यंत्राला.”

तो आठवडाभर मी फोन केले नाहीत. रोज सहा वाजता हात शिवशिवायचे, तेव्हा मी मुद्दाम बागेत जाऊन पाणी घालायचे.

खोटं कशाला बोलू? बुधवारी खालच्या कोर्टाचा कागद खिडकीवर आला, आठवड्यातल्या एकतीस जणांपैकी चौदा गैरहजर, तेव्हा मला आनंद झाला. आता बघू कुणाला टाळ्या मिळतात, असं म्हणून मी त्या दिवशी कँटीनमधून तळलेला मासा घेऊन खाल्ला.

गुरुवारी सकाळी शिपायानं एकाला खिडकीसमोर आणून उभं केलं. मी मान वर न करता विचारलं, “नाव?”

“नाव काय विचारता, मिस व्हर्डेल? मी लेव्हॉन.”

लेव्हॉन टिबेट. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या ऑर्लीनचा मुलगा. चौतीस वर्षांचा, कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला साफसफाई करायचा. लायसन संपलेलं असताना गाडी चालवली, एवढाच गुन्हा. सहा महिन्यांत तीन तारखा झाल्या होत्या, तिन्हीला निळा कॉलरचा शर्ट घालून हजर.

“तू का नाही गेलास रे?” माझा आवाज मलाच परका वाटला.

“तुमचा फोन नाही आला.”

“मोबाइलवर मेसेज आला नाही?”

“आला. मला लॉटरी लागली म्हणूनही असेच मेसेज येतात.” त्याला मुळीच राग नव्हता. “शर्ट काढून ठेवला होता. आई म्हणाली, अजून व्हर्डेलचा फोन नाही. मी म्हटलं, म्हणजे तारीख पुढे गेली असणार, नाहीतर मिस व्हर्डेलनं सांगितलं असतं. म्हणून पाळीवर गेलो. तुमचा फोन बिघडला होता का?”

माझी बोटं टाइप करायची थांबली होती. मागे शिपाई उभा होता.

“हो,” मी म्हणाले. “बिघडला होता.”

“तरीच,” लेव्हॉन म्हणाला, आणि बोटांचे ठसे द्यायला त्यानं आपणहून हात पुढे केला.

खालच्या कोर्टाचे जज्ज पकड वॉरंटाची प्रकरणं एका मंगळवाराआड बघतात. म्हणजे लेव्हॉनला बारा दिवस जमिनीवरच्या गादीवर काढायचे होते. कारखाना तीन दिवस वाट बघतो, चौथ्या दिवशी दुसरा माणूस घेतो.

रविवारी चर्चमध्ये ऑर्लीन नेहमीसारखी माझ्या शेजारी येऊन बसली. डोळे सुजलेले. मी तिला काही म्हणायच्या आत तिनंच माझा हात धरला.

“फोन दुरुस्त झाला का गं तुझा?”

“झाला.”

“तू मनाला लावून घेऊ नकोस. एकोणीस वर्षांत एकदा बिघडला, यंत्रच ते. लेव्हॉन म्हणतो, मिस व्हर्डेलला सांग माझा राग नाही.”

सगळे गायला उठले. मीही उठले. ऑर्लीन माझी कंबर धरून गात होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सोमवारी मी घरातल्या वह्या दोन खोक्यांत भरल्या आणि जोस्लिनच्या खोलीत गेले. ती टोकदार बूट काढून, पाय खुर्चीवर घेऊन रडत बसली होती.

“मिस व्हर्डेल, माझं काय चुकलं हो? शुक्रवारी अर्ज जायचाय. या आकड्यांवर कोण पैसे देणार? आणि अर्ज गेला नाही तर बिग्ज त्या नव्या तुरुंगाला मत देतील, मला स्पष्ट म्हणाले.”

तिनं रडावं म्हणून मी दोन महिने देवाला गाऱ्हाणं घालत होते. आता ती रडत होती आणि मला काडीचीही मजा येत नव्हती. मी खोकी टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“वाच.”

तिनं वही उघडली. नाव, तारीख, कुणाच्या घरी फोन केला, शर्ट. दुसरी उघडली, तिसरी उघडली. पोरगी हुशार, मान्य करायलाच हवं. पाचव्या वहीला तिचं रडणं थांबलं.

“म्हणजे ते आकडे तुमचे होते.”

“हो.”

“आणि मागच्या आठवड्यात?”

“फोन केले नाहीत.”

“आजारी होतात?”

“नाही.”

“मग?”

“तुला टाळ्या मिळाल्या म्हणून,” मी म्हणाले.

ती उभी राहिली. अनवाणीच. “मी त्या दिवशी मान खाली घातली ती चूक झाली, मिस व्हर्डेल. मला सांगता आलं असतं की दुसऱ्या काउंटीचं बघून केलंय. पण चौदा माणसं!”

“चौदांची नावं सांगू? लेव्हॉन टिबेट, निळा कॉलरचा. डेलरॉय फिच, पिवळा, बाहीला डाग. तुझ्याकडे आकडा आहे, माझ्याकडे माणसं आहेत.” एवढं करूनही माझा तोरा गेला नव्हता बघा.

“मग पाठवा की त्यांना घरी!” ती ओरडली.

पण ती नुसती ओरडून थांबली नाही. त्याच दुपारी जज्जसाहेबांच्या दारात जाऊन बसली आणि जे अजून पकडले गेले नव्हते अशा आठ जणांची वॉरंटं रद्द करून आली. जे आत होते त्यांना मात्र मंगळवारची वाट बघणं भाग होतं. मग तीन दिवस आम्ही दोघींनी अर्ज नव्यानं लिहिला. मी सांगायची, ती लिहायची. यंत्राच्या मेसेजसोबत माणसाचा फोन, रोज सहा वाजता, दोन्ही कोर्टांसाठी. बहीण, पाद्री, शेजारीण. आणि शेवटी तो प्रश्न. चौथ्या पानावर तिनं लिहिलं होतं की ही पद्धत तुरुंगाच्या कारकून व्हर्डेल प्रॅटर यांनी एकोणीस वर्षं स्वतःच्या घरून चालवली. ते वाक्य मी सहा वेळा वाचलं. घरी जाऊन कर्टिसला तोंडपाठ म्हणून दाखवलं.

गुरुवारी दुपारी जोस्लिन माझ्या खिडकीशी आली. तोंड उतरलेलं.

“काउंटीचे वकील सही करत नाहीत. म्हणतात, तुरुंगाची नोकर कचेरीतली नावं घरी नेऊन आरोपींना परस्पर फोन करते, हे आपणच लेखी कबूल केलं तर उद्या काउंटीवर दावा येईल. तुमचं नाव काढलं तर सही करतो म्हणाले.” तिनं कागद घट्ट धरला होता. “मी नाही काढणार. भांडते मी.”

“मुदत कधी संपते?”

“उद्या पाच वाजता.”

“तोवर भांडून होईल?”

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“काढ,” मी म्हणाले.

“मिस व्हर्डेल—”

“काढ म्हणते ना! माझ्यासमोर काढ.”

मी तिच्या खोलीत जाऊन मागे उभी राहिले. तिनं ते वाक्य निवडलं आणि एक बटण दाबलं. त्या जागी लिहिलं, ‘स्थानिक अनुभवाच्या आधारे.’ वकिलांनी सही केली. अर्ज गेला.

लेव्हॉन सुटला त्या मंगळवारी मी गाडी घेऊन फाटकाशी उभी होते. तो पुढे बसला. काम गेलं होतं, ते त्याला आतच कळलं होतं. रेल्वेच्या फाटकापर्यंत मी कशीबशी गप्प राहिले, मग सगळं ओकले. फोन बिघडला नव्हता. मला जोस्लिनचा मत्सर वाटत होता. मला तिचे आकडे पडलेले बघायचे होते.

“आई तुमच्या फोनसाठी प्रार्थना करत होती,” तो म्हणाला. मग म्हणाला, “गाडी थांबवा.”

मी थांबवली. तो उतरला आणि रुळांच्या कडेनं चालायला लागला. तिथून घर चार मैल. त्या रविवारपासून ऑर्लीन दुसऱ्या बाकावर बसायला लागली.

वसंतात अनुदान मंजूर झालं. शेंगांच्या शेतात शेंगाच राहिल्या. वर्तमानपत्रात बिग्ज आणि जोस्लिन यांचा हातात हात घेतलेला फोटो आला. मी तो कापून ठेवला नाही, पण तीनदा बघितला. कोर्टाच्या तळमजल्यावर नवी खोली झाली, दोन पोरी कानाला फोन लावून बसायला लागल्या. जोस्लिननं उद्घाटनाला बोलावलं होतं, स्वतः घरी येऊन. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा ठणठणीत होता. माझा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मे महिन्यात मी निवृत्त झाले. निरोपाला मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि केक विकतचा आणला, कोरडा ठाक.

रोज सहा वाजले की कर्टिसचा हात अजून टीव्हीच्या बटणाकडे जायचा. मग तो माझ्याकडे बघून खोकल्यासारखं करायचा आणि आवाज होता तसाच ठेवायचा.

जूनमधल्या एका मंगळवारी बरोबर सहा वाजता फोन वाजला. कोवळ्या आवाजाची पोरगी.

“लेव्हॉन टिबेट आहेत का?”

“ते इथं राहत नाहीत, बाळ. नंबर चुकला.”

“नाही हो, त्यांनीच दिलाय. मागच्या तारखेला आले होते तेव्हा. थांबा, इथं लिहिलंय.” कागद चाळल्याचा आवाज आला. “स्वतःचा फोन आहे, पण त्यावर करू नका म्हणाले. या बाईंना करा, त्या मला सांगतील.”

मी खुर्ची ओढून बसले. कर्टिसनं काही न विचारता टीव्ही बंद केला.

“ऐकताय ना?” पोरगी म्हणाली. “उद्या सकाळी नऊ वाजता, खालचं कोर्ट. आणि त्यांना एक विचाराल का? उद्या काय घालणार? विचित्र वाटेल तुम्हाला, पण आमच्या कागदावर तसंच आहे.”

“कुणी काढला गं हा प्रश्न?”

“माहीत नाही. मी आले तेव्हापासून आहे.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“विचारून झालं की गप्प बसायचं,” मी म्हणाले. “लगेच पुढचं बोलायचं नाही. त्याला कपाटापर्यंत जाऊ द्यायचं.”

“हे कागदावर नाही.”

“नसेल. लिहून घे.”

तिनं लिहून घेतलं, आभार मानले, नाव काही विचारलं नाही. मी फोन ठेवला आणि परत उचलला. ऑर्लीनचा नंबर आठ महिन्यांत लावला नव्हता, तरी बोटांना पाठ होता.

ऑर्लीननं उचलला. माझा आवाज तिनं लगेच ओळखला. मग तिनं आत हाक मारलेली ऐकू आली, “लेव्हॉन, तुझा फोन.”

“बोला, मिस व्हर्डेल.”

“उद्या नऊ वाजता आहे. खालचं कोर्ट.” मी श्वास घेतला. “उद्या काय घालणार?”

खुर्ची सरकली, पावलं दूर गेली. कपाटाचं दार करकरलं आणि दांडीवरचे हँगर एकेक करून बाजूला व्हायला लागले. मी फोन कानाला लावून थांबले.